यादींत नसलेलें स्थळ

परगांवीं निघण्यापूर्वीं त्या गांवची माहिती वाचून ठेवावी, ही माझी जुनी मास्तरकी संवय. परंतु सिंगापुरास जातांना तो प्रसंगच आला नाहीं. गेलीं सहा वर्षें तेथें राहणाऱ्या माझ्या कन्येनें पाहण्याजोग्या दहा स्थळांची यादी आधींच करून ठेवली होती, आणि प्रत्येक स्थळापुढें वार, वेळ व आगगाडीचें स्थानकसुद्धां लिहिलें होतें. तीस वर्षें विद्यार्थ्यांस वेळापत्रकें लावून देणारा मी. आतां माझेंच वेळापत्रक लेकीनें लावलें! सौभाग्यवतींस याचा किती आनंद झाला, तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

यादींत पहिला मान नदीच्या मुखाशीं उभ्या असलेल्या सिंहमत्स्याचा. मस्तक सिंहाचें, धड माशाचें, उंची साडेआठ मीटरांच्या वर, आणि मुखांतून अखंड पाण्याची धार. "हें दैवत फार प्राचीन दिसतें," मी गंभीरपणें म्हणालों. कन्या हंसली. १९६४ सालीं तेथील प्रवासी खात्यानें आपलें बोधचिन्ह म्हणून तें चित्र करविलें आणि १९७२ सालीं मूर्ति उभी राहिली, असें तिनें सांगितलें. म्हणजे दैवत माझ्याहून धाकटें निघालें! गांवाचें नांव मात्र जुनें. आपलें ‘सिंहपुर’च मलायी मुखांत सिंगापुर झालें आहे. पालेमबांगच्या एका राजपुत्रास या बेटावर सिंह दिसला, अशी दंतकथा आहे; पण येथें वाघ होते, सिंह कधींच नव्हता.

पुढले चार दिवस आम्हीं यादीबरहुकूम घालविले. तीन मनोऱ्यांच्या माथ्यावर नौकेसारखी गच्ची ठेवलेलें हॉटेल पाहिलें. २०१२ सालीं खुल्या झालेल्या बागेंतले पंचवीसपासून पन्नास मीटरांपर्यंत उंचीचे पोलादी वृक्ष पाहिले. त्यांच्या अंगावर खऱ्या वेली चढविलेल्या आहेत. हें सारें ज्या जमिनीवर उभें आहे ती जमीनहि समुद्रांत भर घालूनच केलेली. १९६५ सालीं स्वतंत्र झालेल्या या राज्याचें क्षेत्र तेव्हां सुमारें ५८० चौरस किलोमीटर होतें. आज तें ७३०हून अधिक आहे. समोरचा उपसागरहि आतां खारा राहिलेला नाहीं. २००८ सालीं त्याच्या मुखावर बांध घातला आणि त्याचें गोड्या पाण्याचें तळें केलें. सात बेटें जोडून झालेल्या मुंबईच्या माणसानें याला नांवें ठेवूं नयेत. मला कौतुक वाटलें. परंतु तें डोळ्यांपाशींच थांबलें. त्यांतल्या त्यांत १८५९ सालच्या वनस्पतिबागेंत मी अंमळ रेंगाळलों. झाडास न मारतां रबराचा चीक काढण्याची रीत रिडले नांवाच्या गृहस्थांनीं येथेंच बसविली आणि मलायाचें दैव पालटलें. असो.

या सहलींत माझें मन पुरतें रमत नव्हतें, त्याचें कारण मीं कन्येसहि सांगितलें नव्हतें.

माझ्या आजीचा एकुलता एक भाऊ पलटणींत होता. १९४१ सालीं तो सिंगापुरास गेला आणि परत आला नाहीं. तो बेपत्ता असल्याचें सरकारी पत्र आलें, तेवढेंच. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. दोन दिवसांनीं फेरर पार्कच्या मैदानांत चाळीस हजारांवर हिंदी शिपाई जपान्यांच्या हवालीं करण्यांत आले. त्यांपैकीं कित्येक आझाद हिंद सेनेंत शिरले. ज्यांनीं नकार दिला, त्यांतल्या अनेकांस दूर न्यू गिनीच्या बाजूस मजुरीस धाडलें, व तेथें ते उपासमारीनें आणि रोगानें मेले. आजीचा भाऊ कोणत्या वाटेनें गेला, कोणास ठाऊक! सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेंत मोठ्या हुद्द्यावर आहेत, असें कानीं आल्यावर मात्र आजीनें ठरवून टाकलें कीं आपला भाऊ त्यांच्यासंगें असणार.

जिला भाऊ नाहीं, ती भाऊबीजेस चंद्राला ओवाळते. आजीनें चंद्राला कधींहि ओवाळलें नाहीं. ओटीवर ती पाट मांडी, भोंवतीं रांगोळी घाली आणि त्या रिकाम्या पाटास ओवाळी. आम्हां मुलांस त्याचें हंसूं येई. मी शाळेंत वरच्या वर्गांत गेल्यावर एकदां शहाणपणानें तिला म्हणालों, इतकीं वर्षें झालीं, आतां चंद्रालाच ओवाळ. तिनें हातांतलें ताम्हन खालीं ठेवलें. "तो गेलो म्हणान कोणी लिवन दिल्यान तुका?" एवढेंच ती म्हणाली. मी पुढें बोललों नाहीं.

परतण्याच्या आदल्या दिवशीं मीं यादी मोडली व सर्वांस घेऊन बेटाच्या उत्तरेस क्रांजीच्या युद्धस्मारकास गेलों. वाटेंत कन्येस ही हकीकत सांगितली. हिरव्या उतारावर पांढऱ्या शिळांच्या रांगा. आणि वर, ज्यांस थडगेंहि लाभलें नाहीं अशा चोवीस हजारांहून अधिक सैनिकांचीं नांवें भिंतींवर कोरलेलीं. त्यांत हिंदी नांवें किती! बोट ठेवून आम्ही तिघें दोन तास वाचीत होतों. आजीच्या भावाच्या नांवाचे दोघे सांपडले. नोंदवहींत पाहतां दोघेहि उत्तरेकडचे निघाले.

सायंकाळीं एस्प्लनेडच्या बागेंत गेलों. आझाद हिंद सेनेच्या अज्ञात सैनिकासाठीं जुलै १९४५ मध्यें नेताजींनीं येथें एका स्मारकाची कोनशिला बसविली. सप्टेंबरांत इंग्रज परत आले व त्यांनीं तें स्मारक पाडून टाकलें. १९९५ सालीं त्या जागेची खूण म्हणून एक फलक उभारण्यांत आला. क्रांजीस हजारों नांवें. येथें एकहि नाहीं. फलकापाशीं आम्हांवांचून कोणी नव्हतें. जवळच पुलापलीकडे सिंहमत्स्यासमोर छायाचित्रें घेणारांची गर्दी उसळली होती. त्यांस मी कां दोष द्यावा? माझ्याहि यादींत हें स्थळ नव्हतें.

"बाबा, म्हणजे कांहींच कळलं नाहीं," कन्या म्हणाली.

मीं मान हलविली. तो गेला असें दोन्ही ठिकाणीं कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. आजी असती, तर येत्या भाऊबीजेस तिनें पाट मांडलाच असता.