लकडगंजातला लॉग

माझं बालपण नागपूरच्या लकडगंजात, आरामशीनच्या आवाजात गेलं. लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार, हे कोणाला सांगावं लागत नसे. वाळत घातलेल्या कपड्यांवरही भुसा बसायचा. सातवीत इंग्रजी भूतकाळ पाठ झाले, तेव्हा पाट्यांवरच्या 'सॉ मिल'चा अर्थ मी 'पाहिलेली गिरणी' असा लावला होता.

बाबा तिथंच मुनीम होते. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान ट्रकमधून उतरलं की ओंडक्याभोवती टेप फिरायची. गोलाई 48 इंच, लांबी 10 फूट. गोलाईचा चौथा हिस्सा 12, त्याचा वर्ग 144, गुणिले लांबी, भागिले 144. झाले 10 घनफूट. आकडा आधी ओंडक्याच्या तोंडावर रंगानं, मग वहीत. वहीत ओंडक्याला 'लॉग' म्हणत.

पुढं कॉम्प्युटर क्लासात 'लॉगिन' भेटलं. मामा सरकारी जीप चालवायचे, त्यांचं 'लॉगबुक' तर त्याआधीच पाहिलेलं. पण या दोन्हींचा आमच्या ओंडक्याशी काही संबंध असेल, असं कधी मनातही आलं नाही.

संबंध निघाला समुद्रातून, जो नागपूरकराला सहलीतच दिसतो. जुने खलाशी दोरीला लाकडाचा तुकडा बांधून पाण्यात टाकत. दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर गाठ. 28 सेकंदांच्या वाळूच्या घड्याळात जेवढ्या गाठी हातातून सुटतील, तेवढा जहाजाचा वेग, 'नॉट' तिथलाच. तो तुकडा म्हणजे 'लॉग', वेग लिहायची वही म्हणजे लॉगबुक, आणि वहीत नोंद करणं हे झालं क्रियापद. तेच पुढं संगणकात शिरलं. 29 ऑक्टोबर 1969 रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकाला 'लॉगिन' हा शब्द पाठवायला घेतला. 'एल' आणि 'ओ' पोचले अन् पलीकडचं यंत्र बसलं. म्हणजे ओंडका फाटकातच अडकला!

हे सगळं मी बाबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "मंग आम्ही जन्मभर लॉगिनच करत होतो का रे?"

परवा त्यांच्या पेन्शनच्या कामाला बसलो. पासवर्ड तीनदा चुकला. बाबा चष्म्यावरून स्क्रीनकडे पाहत म्हणाले, "काहून नाही होऊन राहिलं? गोलाई बरोबर घेतली ना?"