ऐकणारी पेटी

सेवानिवृत्त मुख्याध्यापकाला दोन सवयी मोडणे फार जड जाते. एक घंटेची आणि दुसरी बोलण्याची. घंटेची सवय माझी वर्षभरात सुटली. बोलण्याची मात्र काही केल्या सुटेना. घरात ऐकणारे कोणी उरले नाही, म्हणजे मी काठी उचलतो आणि बाजारपेठेची वाट धरतो.

अशाच एका संध्याकाळी एका लहानशा दुकानापुढे माझी पावले थांबली. दुकान माझ्या जुन्या विद्यार्थ्याचे होते. दुरुस्तीला आलेले पंखे, मिक्सर आणि ध्वनिवर्धक यांच्या गर्दीत तो मान खाली घालून बसला होता. त्याच्यापुढे धुळीने माखलेल्या दोन काळ्या, चपट्या पेट्या उघडून ठेवलेल्या होत्या.

"हे काय रे?" मी विचारले.

"टॅक्सीत बसवायचे बिनतारी संच आहेत, सर. मोडीत निघाले होते. यांचा रिपीटर करतो आहे."

त्याचा आवाज इतका हळू होता, की ते वाक्य मला पुन्हा विचारावे लागले. शाळेतही तो असाच बोलत असे.

मी मराठीचा पदवीधर. विजेशी माझा संबंध विजेच्या देयकापुरता. तथापि त्याने स्टूल पुढे सरकवले, मी बसलो, आणि त्या दिवसापासून दोन महिने रोज संध्याकाळी बसत राहिलो.

आमच्या गावामागे सह्याद्रीची एक उंच सोंड आहे. तिच्या पलीकडे एक वाडी आहे. आदल्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, वीज गेली, भ्रमणध्वनीचा मनोरा मुका झाला, आणि दोन दिवस वाडीची बरीवाईट कोणतीच बातमी आम्हांला कळली नाही. माझा हा विद्यार्थी हौशी बिनतारी चालक होता. केंद्र शासनाची परीक्षा देऊन त्याने परवाना मिळवला होता. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपात दूरध्वनी बंद पडले, तेव्हा अशाच हौशी चालकांनी तेथे जाऊन निरोप पोहोचवले होते, हे त्याने वाचले होते. परंतु त्याच्या हातातल्या लहान संचाचा आवाज डोंगरापलीकडे जात नव्हता. हौशी लोकांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा जो पट्टा मिळालेला आहे, त्यातील लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात.

"मग उपाय काय?" मी विचारले.

"सर, खिंडीत गुराखी उभा असतो ना? अलीकडची हाळी ऐकतो आणि पलीकडे देतो. तसा गुराखी डोंगरावर बसवायचा."

उपमा मला आवडली. मात्र या गुराख्याचे काम अधिक अवघड आहे. खिंडीतला गुराखी आधी ऐकतो आणि मग सांगतो. रिपीटरला ऐकता ऐकताच सांगावे लागते. म्हणून तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि तिच्यापासून ६०० किलोहर्ट्झ दूर असलेल्या दुसऱ्या कंप्रतेवर बोलतो. टॅक्सीतल्या संचाला एका वेळी एकच गोष्ट जमते. कळ दाबली की तो बोलतो, सोडली की ऐकतो. म्हणून संच दोन हवेत. एक केवळ कान, दुसरा केवळ तोंड. दोहोंच्या मध्ये एक छोटी विद्युत्‌रचना. कानाला काही ऐकू आले, की ती तोंडाची कळ दाबते.

मोडीतल्या संचांना असा पुनर्जन्म देण्याची चाल अमेरिकेत फार पूर्वी पडली. १९५० ते १९६० या दशकात आर्थर जेंट्री या हौशी गृहस्थाने लॉस एंजेलिसमधील माउंट ली या डोंगरावर रिपीटर चालवला. हौशी लोकांच्या अगदी आरंभीच्या रिपीटरांत त्याची गणना होते. पुढे टॅक्सी आणि पोलीस यांच्या गाड्यांतून उतरवलेले मोटोरोला व जनरल इलेक्ट्रिक कंपन्यांचे संच तेथील हौशी लोकांनी आवडीने घेतले. १ जानेवारी २०१३ पासून तेथील शासनाने व्यापारी व सरकारी बिनतारी संचांपैकी बहुतेकांना २५ ऐवजी साडेबारा किलोहर्ट्झ इतक्याच रुंदीत बोलण्याचे बंधन घातले. ज्यांना ते जमत नव्हते असे धडधाकट संच एका दिवसात निरुपयोगी ठरले, आणि हौशी लोकांच्या घरी जाऊन पुन्हा उपयोगी झाले. सेवानिवृत्ताला हे ऐकून बरे वाटते, हे मी कबूल करतो.

आमच्या संचांचे संस्कार सुरू झाले. नव्या संगणकाशी त्यांचे जुळेना, म्हणून कोणाच्या तरी माळ्यावरचा एक जुना संगणक खाली उतरला आणि त्यावरून नव्या कंप्रता संचांत भरल्या गेल्या. टॅक्सीवाला दोन वाक्ये बोलून थांबतो. रिपीटरला तासन्‌तास बोलावे लागते आणि तो तापतो. म्हणून तोंडाची शक्ती २५ वॉटवरून १० वॉटवर आणली आणि पाठीशी पंखा लावला. यंत्राने ठरावीक वेळाने स्वतःचे नाव मोर्सच्या कडकट्टात सांगावे अशी सोय केली. कोणी सलग तीन मिनिटांपेक्षा अधिक बोलला, तर यंत्र त्याचे बोलणे पुढे पाठवण्याचे थांबवते, अशीही एक घड्याळी योजना त्याने बसवली. अशी योजना सत्कार-समारंभांच्या व्यासपीठावर असावी, असे मी म्हणालो. तो हसला. घरी जाताना माझ्या मनात आले, ती वर्गातही असायला हरकत नव्हती.

सर्व जुळले आणि चाचणीचा दिवस आला. त्याचा एक परवानाधारक मित्र दूर नदीकाठी जाऊन बोलू लागला. आणि विलक्षण प्रकार झाला. एक शब्द येई आणि तुटे. पुन्हा एक शब्द येई, पुन्हा तुटे. जणू यंत्रच अडखळत बोलत होते.

"कान बिघडला वाटते," मी म्हणालो.

"नाही सर," तो नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "कान चांगला आहे. हा बोलायला लागला, की स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. बहिरा झाला, की बोलणे थांबते. थांबले, की पुन्हा ऐकू येते."

दूरच्या माणसाचा आवाज तारेवर उतरतो, तेव्हा त्याचे बळ एका व्होल्टच्या दशलक्षाव्या भागाहूनही कमी असते. आणि शेजारीच दहा वॉटचे तोंड गर्जत असते. कानाने करावे तरी काय? त्यावर उपाय म्हणजे हातभर उंचीची सहा पोकळ नळकांडी. तीन कानाच्या वाटेवर, तीन तोंडाच्या वाटेवर. प्रत्येक नळकांड्याच्या पोटात एक दांडी असते. तिची लांबी केसभर कमीअधिक करून नळकांडे असे जुळवायचे, की त्याने एका कंप्रतेला वाट द्यावी आणि दुसरीला अडवावे. आमच्या गावच्या तांबटाने ती तांब्याची नळकांडी ठोकून दिली. घागरी घडवणाऱ्या त्या हातांनी असले भांडे पूर्वी कधी घडवले नव्हते.

दांड्या जुळवण्यात आठ संध्याकाळी गेल्या. तो आटे फिरवत होता आणि मी बॅटरी धरून बसलो होतो. मी त्या दिवसांत फार बोललो नाही. त्याचे ते एक वाक्य माझ्या मनातून जात नव्हते. मला सातवीचा वर्ग दिसत होता. मागच्या बाकावरून उठलेला एक मुलगा उत्तर देत होता. त्याचे ओठ हलत होते. मी गरजलो होतो, "मोठ्याने बोल! नाहीतर खाली बस." तो खाली बसला होता. त्यानंतर त्याने माझ्या तासाला कधीही हात वर केला नाही. त्याचे उत्तर बरोबर होते की चूक, हे मला आजही ठाऊक नाही. पस्तीस वर्षे मी शिकवले. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, याचा मला अभिमान होता. शेवटच्या बाकाचा आवाज माझ्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे मी कधी पाहिले नाही.

शासनाची अनुमती आली आणि ज्येष्ठातल्या एका ढगाळ सकाळी ती पेटी डोंगरावरच्या जुन्या पाण्याच्या टाकीच्या खोलीत बसली. शेजारी बॅटऱ्या, छपरावर सौर तावदान, वर खांबाला आकाशक. तो स्वतः वाडीत गेला. त्याचा मित्र गावात थांबला. मी दुकानातल्या पोराचा हात धरून डोंगर चढलो आणि पेटीशेजारी बसलो. बोलण्याचा परवाना मला नव्हता. माझ्या वाट्याला केवळ ऐकणे आले होते.

बराच वेळ वाऱ्याखेरीज काही नव्हते. मग पेटीवरचा हिरवा दिवा लागला, पाठोपाठ तांबडा लागला, आणि त्या लहानशा कर्ण्यातून आवाज आला.

"मी वाडीच्या शाळेच्या ओट्यावर उभा आहे. येथे पाऊस सुरू झाला आहे. आवाज येतो का?"

तोच हळू आवाज. तो चढलेला नव्हता, ओरडत नव्हता. तरीही प्रत्येक अक्षर सुटे आणि स्वच्छ. सवयीने माझ्या ओठांवर "मोठ्याने बोल" हे शब्द आले होते. ते तेथेच विरले. गावातून त्याच्या मित्राने उत्तर दिले, "उत्तम येतो." वाडीतल्या मुलांचा गलका क्षणभर ऐकू आला, आणि दोन्ही दिवे विझले.

संध्याकाळी तो चिखलाने माखून परत आला. पहिला प्रश्न त्याने मलाच विचारला.

"सर, वर आवाज स्पष्ट होता का?"

"होता," मी म्हणालो. "तुझा आवाज पहिल्यापासून स्पष्टच होता रे. मीच ऐकत नव्हतो."

तो काही बोलला नाही. खाली पाहून हसला आणि त्याने माझ्यापुढे स्टूल सरकवले. हे एक वाक्य त्याला सांगण्यास मला एकवीस वर्षे लागली होती.