दीड इंची नळी

३ मार्च, सांगली
दादाने ठरवलंच: वरच्या संडासात ऑफिसात असतो तसा फ्लश व्हॉल्व्ह बसवायचा. त्याचं म्हणणं मला पटतं. सकाळी घरातली माणसं एकामागोमाग जातात, फ्लशची टाकी भरायला वेळ लागतो, आणि गुडघे दुखत असताना वहिनी बादल्या ओतत बसते. हे थांबलंच पाहिजे. व्हॉल्व्ह आणलाय, त्याचं तोंड ४० मिलीमीटरचं, म्हणजे दीड इंची. आपल्या कमोडला येणारी नळी अर्ध्या इंचाची.

५ मार्च
कमोडची नळी सोडवून बादली धरली. २० लिटरची बादली भरायला ८० सेकंद, म्हणजे सेकंदाला पाव लिटर. कमोड एका दमात साफ व्हायचा तर साधारण ६ लिटर पाणी चार सेकंदांत आत पडायला हवं, सेकंदाला दीड लिटर. तेवढ्या वेळात आपली नळी जेमतेम एक लिटर देते.

दादा म्हणाला, "प्रेशर पंप लावू." पण आतून १५ मिलीमीटरच्या नळीतून सेकंदाला दीड लिटर न्यायचं, तर पाणी सेकंदाला आठ मीटरहून जास्त वेगाने धावलं पाहिजे. घरच्या नळ्यांना हा वेग सोसत नाही. आवाज, हादरे, झीज सगळं येतं. तेच पाणी ४० मिलीमीटरच्या नळीतून सव्वा मीटर वेगाने निवांत जातं. जोर आणि मुबलकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळ बंद असताना दाबमापक काय दाखवतो, नुसत्या त्यावर काही ठरत नाही.

विल्यम स्लोन यांनी १९०६ साली शिकागोत अशा व्हॉल्व्हची कंपनी काढली, पण असे व्हॉल्व्ह चालतात ते मोठ्या इमारतींच्या जाड नळांच्या भरवशावर. अमेरिकेतही बहुतेक घरांत टाकीवालाच कमोड असतो, कारण घरात येणारी जोडणी पाऊण-एक इंचाची.

९ मार्च
मिस्त्रींबरोबर गच्चीवर. टाकीच्या तळापासून व्हॉल्व्हपर्यंत तीनच मीटर. दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब मिळतो, आपल्याकडे ०.३. वरच्या मजल्याचं हेच दुखणं. खालच्या मजल्यांना हा त्रास कमी. ३२ मिलीमीटरचा व्हॉल्व्ह जास्त दाबासाठी, कमी दाबाला ४० चाच, हे मिस्त्रींनीही सांगितलं.

"ताई, बाथरूमची एक इंची लाइन आहे, तिथूनच जोडून देतो," ते म्हणाले. मी साफ नकार दिला. फ्लश दाबला की अंघोळ करणाऱ्याचं पाणी तुटणार, हे तर आहेच. खरी भीती दुसरी आहे. टाकी रिकामी होऊन लाइन उलटी ओढायला लागली, तर कमोडचं पाणी अंघोळीच्या नळात येऊ शकतं. म्हणून स्वतंत्र डाऊनटेक, म्हणजे टाकीतून थेट खाली येणारी नळी, त्यावर दुसरा एकही नळ नाही, आणि व्हॉल्व्हच्या पुढे उलटा ओढा तोडणारा व्हॅक्यूम ब्रेकर.

टाकी उंच ओट्यावर चढवायची कल्पना निघाली होती. हजार लिटर म्हणजे एक टन वजन. स्लॅबची खात्री केल्याशिवाय ते करायचं नाही.

१४ मार्च
काम झालं. टाकीला नवं दीड इंची टँक निपल, तिथून व्हॉल्व्हपर्यंत नळी कुठेही बारीक केली नाही. पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह, एल्बोऐवजी शक्य तिथे लांब बेंड. डाऊनटेकच्या डोक्यावर हवेची नळी काढून ती टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर नेली, नाहीतर हवा अडकते.

१५ मार्च
वहिनीने बटण दाबलं, एका दमात सगळं साफ. नंतर स्क्रू फिरवून एका दाबाचं पाणी सहा लिटरच्या आसपास आणलं. मार्चपासून पाणी जपायलाच हवं.

शेजारच्या काकांना असाच व्हॉल्व्ह हवाय. त्यांना सांगितलं: आधी बादली आणि घड्याळ घ्या. टाकीपासून स्वतंत्र दीड इंची नळी आणता येत असेल तरच हा व्हॉल्व्ह घ्या. नसेल, तर फ्लशची टाकीच ठेवा. ती अर्ध्या इंचीवर सावकाश भरते आणि सगळं पाणी एकदम सोडते.