पालाशचे पोते आणि गस्तीचे जहाज



बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीला लागलो, त्याला तीस वर्षे झाली. धानाला झिंक किती द्यावे, खोडकिडा कसा ओळखावा, हे सल्ले गावोगाव देत हिंडलो. पण यंदा घरातच सल्ला द्यायची वेळ आली आणि जीभ अडखळली.

धाकटी मुलगी बारावी झाली. एका संध्याकाळी तिने नौदलाच्या अग्निवीर भरतीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. अठरा पूर्ण व्हायला तीन महिने कमी, म्हणून पालकाची सही हवी होती. माझी आई म्हणाली, "पोरीले समुद्रात कायले पाठवतं गा? आपून तलावाची मानसं."

खोटे काय होते? आमच्या सावलीकडे पाणी म्हणजे आसोलामेंढा तलाव आणि नाव म्हणजे वैनगंगेतला डोंगा. शिवाय १९७१ च्या युद्धात आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, हे माझ्या मनातून जाईना. मी सही टाळली.

दुसऱ्या दिवशी कृषी केंद्रात एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, पालाशचे पोते एवढे महाग का?" मी सवयीने सांगू लागलो: म्युरेट ऑफ पोटॅशची एकही चालू खाण आपल्या देशात नाही. ते जहाजाने येते. वाटेत चाचे असले, युद्ध असले, तर भाडे वाढते, माल उशिरा येतो. बोलता बोलता मी थांबलो. मग ती वाट राखतो कोण?

रात्री मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "बाबा, विनाशिका आणि फ्रिगेट ही मोठ्या लढाईची जहाजे. गस्ती जहाज म्हणजे धानाची जागल करणारा माणूस." आयएनएस सुमित्रा हे असेच जहाज, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी पळवलेल्या दोन इराणी मासेमारी नौका तिने लागोपाठ सोडवल्या. एकीवर १७ इराणी, दुसरीवर १९ पाकिस्तानी खलाशी होते. पोटासाठी मासे धरणारी गरीब माणसे ती. कोणाची कोण, हे विचारत न बसता सोडवली.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मूल रस्त्याने चंद्रपूरला जाताना फेरो अलॉय कारखाना लागतो, पूर्वीचा महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट. २०११ पासून तो 'सेल'चा झाला. तिथला मँगनीजचा मिश्रधातू सेलच्या पोलाद भट्ट्यांना जातो. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आलेल्या २६२ मीटर लांबीच्या आयएनएस विक्रांतला सेलनेच सुमारे ३० हजार टन पोलाद पुरवले. जहाजाच्या पोलादात शंभर किलोमागे मँगनीज किलो-दीड किलोच, पण त्याने पोलाद चिवट होते. आपल्या धानाला झिंक लागतेच किती? हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट. पण ते नसले की खैरा रोग पडून बांधी तांबडी होते. थोडे असते म्हणून ते फालतू नसते.

मी सही केली. काळजी मात्र गेलेली नाही. योजनेप्रमाणे चार वर्षांनी चौघांतला जास्तीत जास्त एकच कायम होतो. म्हणून आम्ही दोघांनी वहीत लिहून ठेवले आहे: परत आली तर पुढे काय शिकायचे, आणि मिळालेल्या रकमेतील किती शिलकीत टाकायची.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तुमच्या घरी असा अर्ज आला तर आधी मुलाचे, मुलीचे पूर्ण ऐकून घ्या. नाविक व्हायचे असेल तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र ठेवायला सांगा. दलालाला एक पैसाही देऊ नका. चार वर्षांनंतरचा बेत आधीच ठरवा. आणि पोहायला शिकवा.

निकाल अजून यायचा आहे. सध्या मुलगी रोज पहाटे गावच्या तलावात पोहते. माझी आई पाळीवर बसून तिची राखण करते.