आमची शब्बाथशाळा

धर्म पाळणं कठीण की शिकवणं कठीण, असा वाद कुणी घातलाच तर माझं मत पाळणाऱ्यांच्या बाजूला. शिकवायला लागतं काय? एक सतरंजी, एक पेटी, पाच-सहा मुलं आणि शेवटी वाटायला लिमलेटच्या गोळ्या. हे सगळं येवल्यात मिळतं. जिथं पैठणी मिळते तिथं सतरंजी न मिळायला काय झालं? पाळायचं साहित्य मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. नाशिकच्या मेनरोडलासुद्धा नाही.

मी मूळचा नगरचा. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण जीभ अजून जुन्याच वळणावर आहे.) नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ साली आणि 'ज्ञानोदय' तिथूनच निघालं १८४२ साली. त्यामुळं ख्रिस्ती माणूस हे तिथं काही प्रेक्षणीय स्थळ नाही. मास्तरकीच्या निमित्तानं येवल्याला आलो आणि मी प्रेक्षणीय स्थळ झालो. घरमालक पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्तर, मराठी फार छान बोलता हो तुम्ही! घरी इंग्लिशच बोलत असाल ना?" मी काही उत्तर देणार, तोच आतून सौभाग्यवतींनी हाक मारली, "अहो, गप्पा काय छाटताय? शिलिंडर संपलंय!" घरमालकांचं इंग्लिशबद्दल समाधान झालं असावं. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता आमच्या भाषेची एक गंमत सांगतो. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत 'मंडळी' म्हणजे चर्च. जुन्या मराठी गृहस्थांच्या बोलण्यात 'मंडळी' म्हणजे बायको. येवल्यात आमची उपासना घरीच भरते आणि पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी आमच्या दोघांशिवाय कुणी येत नाही. तेव्हा "आज मंडळी किती होती?" ह्या प्रश्नाला "एकच" हे उत्तर दोन्ही अर्थांनी बरोबर येतं.

मुलांची म्हणून जी शब्बाथशाळा आहे (मुलं तिला संडे स्कूल म्हणतात, म्हणू देत) तिचा पट सहाचा. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांची दोन, हवालदारसाहेबांचा एक, रेल्वेतल्या एका कुटुंबातली दोन आणि सहावा शेजारच्या मागावरचा. तो गोळ्यांसाठी येतो, तसं स्वच्छ सांगतो, आणि प्रश्नांची उत्तरं सगळ्यांत बरोबर देतो. संक्रांतीचे तीन दिवस शाळेला सुट्टी. त्या दिवसांत येवल्यातलं सगळं गाव गच्चीवर असतं, आणि हातातली आसारी खाली ठेवून हात जोडायला कुणीही, मी धरून, तयार नसतो.

शिकवायला काही लागत नाही असं मी म्हटलं खरं, पण शब्द लागतात, आणि तिथं फजिती असते. 'साक्ष' घ्या. आमच्यात साक्ष देणं म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणं. मी एकदा शेजाऱ्यांना म्हणालो, "उद्या नगरला साक्ष द्यायला जायचंय." त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "जमिनीची भानगड का?"

त्याहून मोठी गोष्ट 'तारण'. आमच्या मराठीत तारण म्हणजे पापातून सुटका. आणि बाजारात दर चार दुकानांआड पतसंस्थेची पाटी, 'सोने तारण कर्ज मिळेल'. सिस्टरांचा पाचवीतला मुलगा वाटेवरची प्रत्येक पाटी वाचत येतो. त्यानं एका रविवारी विचारलं, "सर, येशू आपलं तारण आहे, तर मग कर्ज कुणी काढलं?"

चाळीस वर्षं मी प्रवचनं ऐकतोय. त्यांतली निम्मी तरी ह्या एका प्रश्नाच्या अलीकडंच थांबतात. मी म्हटलं, "कर्ज आपणच काढलं बाबा. गहाण तो राहिला." पोरगं म्हणालं, "मग हप्ते?" मी गोळ्या वाटल्या.

शब्दांची ही अडचण जुनी आहे. इंग्लंडातून गोव्यात आलेले फादर स्टीफन्स चारशे वर्षांपूर्वी ह्याच पेचात होते. मराठी माणसाच्या कानात जे शिरतं ते ओवीतून शिरतं हे त्यांनी ताडलं आणि १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापून काढलं. पंडिता रमाबाईंचं तर ह्याहून पुढं. आमच्याच रेल्वेच्या वाटेवर, दौंडच्या पलीकडं केडगावला बसून बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल स्वतः मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून. त्या १९२२ साली गेल्या, छापलेलं पुस्तक आलं १९२४ साली. शिकवण्याची हौस म्हणजे काय ते इथं पाहावं.

आणि रेव्हरंड टिळक! आमच्या घरी उपासनेला त्यांचे अभंग झाले की भिंतीपलीकडचा माग थांबतो. शेजारी वारकरी, गळा गोड. एकदा टाळ घेऊनच आले. दोन अभंगांना साथ केली आणि म्हणाले, "वा! कुणाचे हो हे?"

"टिळकांचे."

"लोकमान्यांचे? आणि हेही करायचे ते?"

मी म्हटलं, ते वेगळे, हे नारायण वामन. रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानं नागपूरहून राजनांदगावला जाताना ह्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. ते १८९३ साल. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला ह्यांचा बाप्तिस्मा झाला. मनमाड-दौंड मार्गावर मी इतकी वर्षं प्रवास करतोय, पण मला कुणी कधी शेंगदाण्याच्या पुडीपलीकडं काही दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला दिलेलं नाही. डब्यातल्या अनोळखी माणसाचा जन्म मार्गी लावायला जो आत्मविश्वास लागतो तो माझ्यात नाही.

शिवाय हे येवला आहे. इथं धर्म हा विषय जाता जाता काढता येत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच गावी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. त्या घोषणेनंतर झाडून साऱ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडं धावले, आमचेही धावले. बाबासाहेबांनी घाई केली नाही. एकवीस वर्षं लावली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बुद्धाचा धम्म घेतला. ज्या गावी एका माणसानं शब्द टाकून एकवीस वर्षं विचार केला, त्या गावी मी दर रविवारी वीस मिनिटांत मुलांना धर्म सांगतो! मुक्तिभूमीवरून जाताना मी सायकलवरून उतरतो. चढही आहे म्हणा तिथं थोडा माझ्या गुडघ्यांना.

बाबासाहेबांनी आमच्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवलीय. माणूस ख्रिस्ती होतो, पण जात त्याच्याबरोबर चर्चच्या दारातून आत येते. हे वाचलं तेव्हा मला जरा रागच आला. वाद घालायला मुद्दे जुळवत होतो, तोच दारात पाहुणे आले. लांबचे नातलग, पुतण्यासाठी मुली पाहत होते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं नाव सौभाग्यवतींनी सुचवलं. शिकलेली, गाणारी, संडे स्कूल चालवणारी. पाहुण्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि आवाज चोरून विचारलं, "ते सगळं ठीक हो वहिनी, पण मूळची कोण?"

"मूळची?" सौभाग्यवती म्हणाल्या, "आदामाची."

लग्न ठरलं नाही. ठरलं असतं तर हा लेख लिहिताना मला बरं वाटलं असतं. पाहुणे गेल्यावर मी मुद्दे जुळवलेला कागद घडी करून कपाटात ठेवला, तो अजून तिथंच आहे.

एवढ्या पार्श्वभूमीवर गेल्या डिसेंबरातली गोष्ट ऐका. धडा होता लूकच्या शुभवर्तमानातला. बाप्तिस्मा देणारा योहान लोकांना सांगतो, आपल्याजवळच्या कपड्यांतला जास्तीचा कपडा उघड्याला द्या. धडा सोपा, मुलांना आवडला. गोळ्या वाटल्या. मी विसरून गेलो.

मंगळवारी संध्याकाळी सिस्टर आल्या. पाठीमागं पाचवीतले चिरंजीव, अंगात दोन वर्षांपूर्वीचा आखूड स्वेटर, बोटभर पोट बाहेर.

"सर, ह्याला विचारा नाताळचा नवा स्वेटर कुठाय."

विचारावं लागलं नाही. लाल कांद्याचा हंगाम, खळ्यावर बाहेरगावचे मजूर उतरलेले. त्यांतल्या एका मुलाला ह्यानं स्वेटर देऊन टाकला होता. निळा स्वेटर, सिस्टरांनी नाइट ड्युटीला दोन सलाइनच्या मधल्या वेळात दीड महिना विणलेला.

"अरे, द्यायचाच होता तर जुना द्यायचास!" सिस्टर म्हणाल्या.

"जुना मलाच होत नाही," मुलगा शांतपणे म्हणाला, "तो तर माझ्याहून थोराड आहे."

मी पुस्तक उघडलं. देताना जुना द्यावा असं कुठं आहे का, ते चष्मा लावून पाहिलं. नाही. तळटीपसुद्धा नाही.

"तुम्ही शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवता सर," सिस्टरांचा आवाज कापत होता, "भूगोल ऐकून कुणाच्या मुलानं घरातलं काही दिलंय का?"

मुद्दा बिनतोड होता. मुलगा आईकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. 'चुकलास' म्हणावं, तर तो धडा त्याच्या दृष्टीनं कायमचा रविवार सकाळपुरता झाला. 'शाबास' म्हणावं, तर त्या बाईच्या दीड महिन्याच्या रात्रींवर मी ऐटीत बसल्यासारखं झालं. मला त्या क्षणी लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. देणारे ते, आणि दिल्यावर रिकाम्या डब्यांतून संध्याकाळचं काढायचं ते लक्ष्मीबाईंनी. नवऱ्यामागोमाग बाईंनी बाप्तिस्मा घेतला तो लगेच नाही, पाच वर्षांनी, स्वतःचं मन स्वतः तपासून. आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं तेही त्यांनीच. आमच्या लोकांत टिळकांच्या अभंगांवर डोलणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वय वाढतंय तसा लक्ष्मीबाईंचा डबा जास्त दिसू लागलाय.

"सिस्टर," मी म्हटलं, "धडा तसाच आहे. त्यानं बरोबर ऐकलाय."

"आणि पुढच्या वेळी आईला सांगून द्यायचं," सौभाग्यवती स्वैपाकघरातून म्हणाल्या. "तिनं विणलाय. देणारे दोघं आहात."

सिस्टर चहा न घेता उठल्या. खळ्यावर जाऊन स्वेटर परत आणते म्हणाल्या. मुलगा मागोमाग गेला. मी जेवताना दोन घास कमी खाल्ले, ते सौभाग्यवतींच्या लक्षात आलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

तासाभरानं सिस्टर परत आल्या, हात रिकामे. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाह्या आखूड होतात हो त्याला. चार बोटं तरी वाढवायला हव्यात. तसलीच निळी लोकर इथं मिळेल, की नाशिकलाच जावं लागेल?"

सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी आत या, चहा घ्या." मग दोघी लोकरीचे आकडे आणि सुयांचे नंबर ह्यांत अशा बुडाल्या की माझ्याशी कुणी बोलेना. मुलगा दारात उभा राहून पाटीवरचं माझं नाव वाचत होता.

तेव्हापासून आमच्या शब्बाथशाळेचा गावात दरारा आहे. पूर्वी पालक विचारायचे, "किती वाजता सुटते?" आता शनिवारी संध्याकाळी विचारतात, "सर, उद्या धडा कोणता?" शेजारच्या मागावरच्या मुलाला तर त्याच्या आजीनं बजावून पाठवलंय, गोळ्या खा, पण अंगावरचे कपडे मोजून घेऊन ये.

पुढचा धडा त्या श्रीमंत तरुणाचा आहे, ज्याला असेल नसेल ते विकून गरिबांना द्यायला सांगितलं जातं. हवालदारसाहेबांनी कालच मुलाच्या नव्या सायकलला साखळी लावून कुलूप घातलंय, आणि किल्ली स्वतःच्या युनिफॉर्मच्या खिशात ठेवलीय. रविवारी मात्र मुलाला वेळेवर पाठवतो म्हणालेत.