घंगाळातला गारवा

बांदा मागे टाकून पत्रादेवीपाशी गोव्याची सीमा ओलांडली की पेडणे तालुका सुरू होतो. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या मनात गोवा म्हणजे वाळू, लाटा आणि चर्चचे पांढरे मनोरे. पेडणे आणि डिचोली यांचा चेहरा निराळा आहे. पोर्तुगिजांनी हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस घेतला. म्हणून यास ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. देवळे, भजने आणि मराठीचा लळा येथे टिकून राहिला. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि पेडण्याच्या दारी आता जगभरचे पाहुणे येतात. त्यांचा पाहुणचार कसा करावा, हा प्रश्न जुन्या घरांनाही पडतो.

चैत्र-वैशाखात येथील उकाडा अंगास चिकटतो. विदर्भात किंवा देशावर कोरड्या हवेमुळे माठातले पाणी झिरपून झपाट्याने सुकते व आतील पाणी गार होते. येथे हवाच पाण्याने भरलेली. डिचोलीचे कुंभार नामांकित. पण त्यांच्या मडक्यालाही हा निसर्गनियम चुकत नाही. माठ पाझरतो, गारवा मात्र बेताचाच. म्हणून पाहुणे जमले की बर्फ आलाच.

पेडण्यातील ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तेथे सोप्यावर तांब्याचे जुने घंगाळ मांडले होते. एके काळी त्यात आंघोळीचे पाणी काढीत. आता त्यात बर्फाचे तुकडे, अर्ध्यापर्यंत पाणी आणि मूठभर खडे मीठ. त्यात जावयाने परदेशाहून आणलेल्या पांढऱ्या वाइनची बाटली, शेजाऱ्यांनी दिलेला हुर्राक, लिंबाचा सोडा आणि कोकम सरबत अशा बाटल्या गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या. घरातील आजी माळकरी. पूर्वी अशा घरांतून पिणारे मागच्या पडवीत जात, आणि वडीलधारी मंडळी आपणांस काही ठाऊक नाही असे दाखवीत. आजींनी हा आडपडदा नको म्हटले व एकच अट घातली : पेले वेगळे. यजमान आम्हांस म्हणाले, “मास्तर, तुमचें सरबत हांगाच आसा.”

घंगाळात पाणी का, असे कोणी विचारील. नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि बाटलीला तो मोजक्याच ठिकाणी टेकतो. पाणी मात्र तिला चहूबाजूंनी कवटाळते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. ती बाटलीतून बर्फापर्यंत पोहोचवण्याचे काम पाण्याचे. मिठाने ते पाणी शून्य अंशाच्याही खाली उतरते. फ्रीजमध्ये ज्याला दोन-तीन तास लागतात, ते येथे अर्ध्या तासात साधते. पांढरी वाइन ८ ते १२ अंशांवर रुचते. तांबडीला १५ ते १८ अंश पुरेत, तेव्हा ती दहा-पंधरा मिनिटांत काढावी. दमट हवेत घंगाळाला बाहेरून घाम फुटतो. खाली परात ठेवावी.

पाण्याची ही करामत या मुलखास नवी नाही. काजूच्या हंगामात भट्टीवर भाणात आंबलेला रस उकळतो, त्याची वाफ नळीवाटे दुसऱ्या मडक्यात जाते, आणि जुन्या पद्धतीत त्या मडक्यावर सतत गार पाणी ओततात. तेव्हाच पहिल्या धारेचा हुर्राक उतरतो. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. बाहेरचा गारवा नसता तर आत थेंबही जमला नसता.

बर्फाविषयी मात्र सावध असावे. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून बर्फ भरून निघालेले जहाज कलकत्त्याला पोहोचले, तेव्हा तो केवढी अपूर्वाई होता! आज तो गल्लोगल्ली मिळतो. पण मासळी टिकवण्यासाठी केलेली लादी पोटात जाण्याजोगी नसते. दोन्ही बर्फ ओळखू यावेत म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा आदेश निघाला. पेल्यात टाकायचा बर्फ उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरीच केलेला असावा. घंगाळातला बर्फ तेथेच राहू द्यावा, आणि बाटली ओतण्यापूर्वी स्वच्छ फडक्याने पुसावी.

त्या घंगाळात चार प्रकारची पेये शेजारी शेजारी होती. गारवा सर्वांना सारखाच मिळाला, आणि एकाचा थेंब दुसऱ्यात गेला नाही. परमुलखात संसार थाटलेल्या आपल्या घरांतही आता असेच नाना रीतींचे पाहुणे आणि जावई-सुना एकत्र बसतात. कोणावर आपली रीत लादू नये, आणि आपली सोडूही नये. आजींच्या एका अटीत हे सारे आले होते.