चौसष्ट अक्षरांचा ठसा

डेबियन लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, उतरवायला गेलं की त्या मोठ्या फाइलच्या शेजारी दोन-चार किरकोळ फाइली पडलेल्या दिसतात. एकीचं नाव ‘एसएचए256सम्स’, दुसरीचं तेच, फक्त शेवटी ‘साइन’ जोडलेलं. आकार अगदीच चिमूटभर. बहुतेक जण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मोठी फाइल घ्यायची, पेनड्राइव्हवर चढवायची आणि कामाला लागायचं. मला मात्र या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत सुंदर जे काही आहे, ते त्या छोट्या फाइलींमध्येच आहे असं वाटत आलं आहे.

ज्यांना आपण ओळखत नाही, ज्यांना एक पैसाही दिलेला नाही, अशा माणसांनी एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या पुढ्यात ठेवलेली असते. आणि तिच्या शेजारीच तिची परीक्षा घ्यायचं साधनही ठेवलेलं असतं. माल मोफत द्यायचा आणि तागडीही गिऱ्हाइकाच्याच हाती द्यायची, असा वाणी कुठल्या बाजारात भेटेल?

16 ऑगस्ट 1993 रोजी इयन मर्डॉक नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं या कामाची घोषणा केली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात तो शिकत होता. डेब्रा या मैत्रिणीचं नाव आणि स्वतःचं नाव जोडून त्यानं ‘डेबियन’ केलं. 2015च्या डिसेंबरमध्ये तो गेला. त्यानं लावलेलं काम जगभरचे स्वयंसेवक पुढे नेत आहेत, आणि ऑगस्ट 2025मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत जवळजवळ 70 हजार पॅकेजं आहेत. या आवृत्तीचं नाव ट्रिक्सी. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतल्या निळ्या डायनासोरचं हे नाव. सगळ्या आवृत्त्यांना त्याच चित्रपटांतल्या पात्रांची नावं मिळतात, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा वाहणारे ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी शाखा सतत बदलत असते, जिथे काहीही मोडू शकतं, तिचं नाव कायमचं सिड. खेळणी मोडणारा तो शेजारचा पोरगा.

2025च्या ऑक्टोबरच्या 14 तारखेला विंडोज 10चा मोफत आधार संपला, आणि आमच्या गल्लीतले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. अकरावी आवृत्ती त्यांच्यावर रीतसर चढत नाही. तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-यंत्रणा हवी, अलीकडचा प्रोसेसर हवा. शेजारची दहावीतली मुलगी आपला लॅपटॉप घेऊन आली. कीबोर्ड शाबूत, पडदा स्वच्छ, बॅटरी तासभर टिकणारी. एवढं चांगलं यंत्र केवळ कुणाचा पाठिंबा संपला म्हणून भंगारात जावं, हे मला सहन होत नाही. त्यावर डेबियन बसवू, असं मी तिला आधीच सांगितलं होतं.

तिनं आल्या आल्या विचारलं, “मावशी, हे फुकट कसं काय देतात?” मी म्हटलं, उतरवायला लावू, तोवर बोलू.

उतरवणं आता सोपं झालं आहे. ‘नेटइन्स्ट’ नावाची फाइल पाऊण जीबीच्या आसपास असते. पायाभूत तेवढं तिच्यात, बाकीचं बसवताना इंटरनेटवरून येतं. आपण डेबियनच्या नावावर टिचकी मारतो, पण फाइल पुष्कळदा येते ती कुठल्या तरी विद्यापीठाच्या, संशोधन संस्थेच्या किंवा इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून. त्यांना मिरर म्हणतात. कुणीतरी आपली डिस्क, आपली वीज, आपली बँडविड्थ या कामी लावून ठेवलेली असते. 1993च्या जुलैमध्ये आलेल्या, स्लॅकवेअर या दुसऱ्या लिनक्सच्या पहिल्या आवृत्तीला साडेतीन इंची फ्लॉपींचा गठ्ठा लागायचा. त्यातली एक फ्लॉपी खराब निघाली की सगळं अडलं. पुढे सीडी आल्या. आमच्याकडे त्या काळी डायल-अपवर शेकडो एमबी उतरवणं ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे कम्प्युटरच्या मासिकासोबत येणारी सीडी हातोहात फिरायची. 2004 साली उबुंटू नावाची लिनक्स आली आणि काही वर्षं तिच्या कर्त्यांनी मागेल त्याला टपालानं, टपालखर्चही न घेता, सीडी घरी पाठवल्या. 2011 साली ते बंद झालं. डेबियनवाल्यांनी ‘जिगडो’ नावाचं साधन वापरात आणलं: डिस्कचे तुकडे जवळच्या मिररवरून गोळा करायचे, घरी जे तुकडे आधीच असतील ते वापरायचे, आणि सगळे जोडून अगदी मूळची आयएसओ तयार करायची. मंद जोडणीवर बसलेल्या माणसाचा एवढा विचार कुणीतरी केला होता.

फाइल उतरली. आता ती छोटी फाइल.

एसएचए-256 ही गणिती क्रिया कुठलीही फाइल घेते, बाइटामागून बाइट वाचत जाते आणि शेवटी 64 अक्षरांचा एक ठसा देते. शून्य ते नऊ आणि ए ते एफ, एवढीच अक्षरं. पाऊण जीबीची फाइल असो की एका ओळीचं पत्र, ठसा 64 अक्षरांचाच. आत एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी सगळा ठसा बदलतो, ओळखू येणार नाही इतका. आणि ठशावरून उलटं जाऊन फाइल गाठायची वाट कुणाला माहीत नाही. संगणकाला सांगितलं तर तो दोन ठसे स्वतःच ताडून ‘ओके’ एवढंच म्हणतो. आम्ही तसं केलं नाही. मी पडद्यावरचा ठसा वाचला, तिनं फोनवर डेबियनची यादी उघडून जुळवला, चार-चार अक्षरांनी. वाचता वाचता तिचा आवाज हळू होत गेला, बोट फोनवर सरकत राहिलं. शेवटचं अक्षर जुळल्यावर ती म्हणाली, “रिकाम्या फाइलचा ठसा काय येईल?”

किती सुंदर प्रश्न! आम्ही एक रिकामी फाइल केली, शून्य बाइटांची. तिचाही ठसा आला, भरगच्च 64 अक्षरांचा: ई3बी0सी442 अशी त्याची सुरुवात. तिनं स्वतःच्या विंडोजवर ‘गेट-फाइलहॅश’ आज्ञा देऊन तीच क्रिया करून पाहिली. तोच ठसा, अक्षर न् अक्षर. पुण्यात काढा, नैरोबीत काढा, काहीच नसण्याचा ठसा तोच येणार. दोन अनोळखी यंत्रांना एकमेकांशी काहीही न बोलता एका उत्तरावर येता येतं, हे तिला त्या क्षणी दिसलं.

पण ठसा एकटा पुरत नाही. 20 फेब्रुवारी 2016 रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात कुणीतरी घुसलं आणि 17.3 सिनॅमन आवृत्तीची लिंक बदलून चोरदरवाजा असलेल्या आयएसओकडे वळवली. त्या दिवशी ज्यांनी ती उतरवली त्यांनी भरवशाच्या दारातूनच विष घेतलं. जो लिंक बदलू शकतो तो त्याच पानावर छापलेला ठसाही बदलू शकेल. म्हणून ती ‘साइन’ नावाची दुसरी फाइल. ठशांच्या यादीवर डेबियनच्या खासगी किल्लीनं केलेली ती सही असते. आपल्याकडे असलेल्या जाहीर किल्लीनं ती पडताळता येते. संकेतस्थळात शिरलेल्या चोराला यादी बदलता येईल, सही करता येणार नाही.

“पण ती किल्ली त्यांचीच हे आपल्याला कोणी सांगितलं?”

मुलीनं नेमकी जागा पकडली होती. इथे गणित थांबतं आणि माणसं सुरू होतात. डेबियनची मंडळी वर्षातून एकदा संमेलनाला जमतात. सप्टेंबर 2023मध्ये ते कोचीला झालं. अशा मेळाव्यांत किल्ल्यांवर सह्या करायची जुनी रीत आहे. समोरासमोर उभं राहायचं, पासपोर्ट दाखवायचा, आपल्या किल्लीचा ठसा पडताळून द्यायचा. समोरचा चेहरा पाहतो, कागद पाहतो, मग घरी जाऊन आपल्या किल्लीनं तिच्यावर सही करतो. अशा शेकडो ओळखींचं जाळं विणलं गेलं आहे. सगळ्या सांकेतिक विद्येच्या तळाशी दोन माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून ‘हो, तूच’ म्हणतात, याचा मला आधार वाटतो.

पेनड्राइव्ह तयार करणं हा वेगळा भाग, आणि जपून करायचा. आयएसओ पेनड्राइव्हवर नेहमीसारखी कॉपी-पेस्ट करून चालत नाही. ती पहिल्या बाइटापासून जशीच्या तशी उतरवावी लागते, कारण संगणक सुरू होताना काय वाचायचं ते अगदी सुरुवातीच्या सेक्टरात असतं, आणि त्या 512 बाइटांच्या शेवटी 55 एए ही खूण असावी लागते. विंडोजवर रूफस आहे, एचर आहे. लिनक्सवर ‘डीडी’. डीडी काही विचारत नाही. ‘एसडीबी’ऐवजी ‘एसडीए’ लिहिलं तर हार्डडिस्कवरचे लग्नाचे फोटो, दहावीच्या नोट्स, सगळं एका दमात पुसलं जातं. म्हणून आधी ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा देऊन यादी पाहायची, आकार वाचायचा, पेनड्राइव्ह काढून पुन्हा यादी पाहायची, कोणतं नाव गळलं ते बघायचं. मग लिहायचं. पडद्यावर काम संपलं असं दिसलं तरी पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत असतो. काही बाइट अजून मेमरीत रांगेत असतात. ‘सिंक’ म्हणायचं आणि दिवा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मुलीनं पेनड्राइव्ह उपसायला हात पुढे केला होता. मी तिचं मनगट धरलं.

पूर्वी इथवर आल्यावर एक निराळंच दुःख वाट्याला यायचं. वाय-फायच्या कार्डाला फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं, आणि ते बहुधा मुक्त नसतं. डेबियननं 1997च्या सामाजिक करारात शंभर टक्के मुक्त राहण्याचा शब्द दिला होता, म्हणून अधिकृत डिस्कवर ते ठेवलं जात नसे. परिणाम असा की नेटवरून बसवायची सिस्टिम घेऊन बसलेल्या माणसाला नेटच मिळत नसे. 2022 साली सभासदांनी मतदान केलं आणि जून 2023च्या बाराव्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर अधिकृत माध्यमात आलं. तत्त्वाला मुरड पडली असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं दुःख खरं आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो. ज्याच्या घरी एकच लॅपटॉप आहे, केबल नाही, शेजारी दुसरं यंत्र नाही, त्याच्यासाठी तो शुद्धपणा म्हणजे बंद दार होतं. ट्रिक्सीनं मात्र 32-बिटच्या जुन्या इंटेल यंत्रांसाठी बसवायचं माध्यम काढणं थांबवलं. त्यामागची कारणं पटतात, तरी वाईट वाटतं. अशा यंत्रांसाठी बाराव्या आवृत्तीची डिस्क अजून घेता येते.

लॅपटॉप सुरू झाला, भाषांची यादी आली. सत्तरहून अधिक भाषा, त्यांत मराठी. देवनागरीला साध्या अक्षरी पडद्यावर जागा नव्हती. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार नीट मांडायला चित्रमय इन्स्टॉलर लागतो, तो 2007च्या चौथ्या आवृत्तीत आला. त्यानंतर कुणीतरी बसून ‘विभाजन’, ‘आरोह बिंदू’ असले शब्द शोधले असतील. काही शब्द अडखळतात. पण कुणीही पैसे न देता, आपल्या भाषेतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोरीला डिस्कचे भाग करताना इंग्रजीची भीती वाटू नये म्हणून, ते काम झालं आहे.

पॅकेजं उतरत असताना मुलगी पुन्हा मूळ प्रश्नाकडे आली. “आणि त्या माणसांनीच आत काही घातलं असेल तर?”

हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सन यांनी 1984 साली छापलेल्या आपल्या भाषणात विचारला होता: सोर्स कोड कितीही निर्मळ असला, तरी त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरच विषारी असला तर? डेबियनमधल्या काही जणांनी 2013पासून त्यावर नेटानं काम चालवलं आहे. एकाच सोर्समधून, नोंदवलेल्या त्याच परिस्थितीत, कुणीही पॅकेज बांधलं तरी बाइट न् बाइट तेच निघालं पाहिजे. बांधल्याची तारीख, फोल्डरचा पत्ता, फाइलींचा क्रम, अशा बारीक बारीक गोष्टींनी निकाल बदलायचा. एकेक हुडकून काढून टाकावी लागली. आज बहुसंख्य पॅकेजांबाबत ते साधलं आहे. मग बांधणाऱ्याच्या शब्दावर राहावं लागत नाही. दुसऱ्यानं, तिसऱ्यानं आपापल्या घरी बांधायचं आणि ठसे समोरासमोर ठेवायचे.

“म्हणजे आपणही बांधू शकतो?”

सोर्स सगळ्यांना खुला आहे, साधनं तिच्याच लॅपटॉपवर येऊन बसत होती. डेबियनमध्ये ‘हॅलो’ नावाचं एक इवलंसं पॅकेज आहे. जगाला नमस्कार करणं एवढंच त्याचं काम. शिकणारे त्याच्यावरच हात बसवतात. तिनं ते नाव वहीत लिहून घेतलं, बोर्डाची परीक्षा झाली की करू म्हणाली, आणि स्वतःहून पुढे विचारलं की वर्गातल्या मैत्रिणीचाही लॅपटॉप असाच बंद पडल्यासारखा झालाय, तर ही पेनड्राइव्ह तिला दिली तर चालेल का. चालेल, म्हटलं, फक्त तिलाही ठसा जुळवून बघायला लाव.